मासे कुठायत?

मराठी मध्यमवर्गीय घरात माशांची टाकी येते ती तीन कारणांनी: मुलाचा वाढदिवस, वास्तुतज्ज्ञाचा सल्ला किंवा रक्तदाब. माशांची आवड हे चौथं कारण, पण ते क्वचितच आढळतं. वाढदिवसाची टाकी गोल असते, वास्तूची ईशान्येला असते आणि रक्तदाबाची टीव्हीशेजारी असते. त्यामुळे माशांनी खाली आणलेला रक्तदाब नऊच्या बातम्या परत जागेवर नेऊन ठेवतात. पुढचा प्रवास मात्र तिन्ही टाक्यांचा सारखाच. पहिले चार दिवस बघायला येणाऱ्यांची रीघ. मग पाणी दुधाळ. मग एका सकाळी एक मासा आडवा, दुसऱ्या सकाळी दोन. महिन्याभरात टाकी गच्चीवर आणि तिच्यात कोथिंबीर.

मासा मेला की घरातलं वडीलधारं कुणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगतं, "घरावर संकट येणार होतं, त्याने अंगावर घेतलं." हा सिद्धांत इतका सोयीचा आहे की तो मोडताना वाईट वाटतं. मासा जगला तर वास्तू उत्तम, मेला तर संकट टळलं. टाकी विकणाऱ्याला दोन्हीकडून मरण नाही, ते फक्त माशाला. शिवाय त्यात अर्धं सत्यही आहे. माशाने संकट अंगावर घेतलेलं असतं हे खरंच. फक्त ते घरावर येणारं नसतं, घरानेच त्याच्यावर आणलेलं असतं, आणि त्याचं नाव अमोनिया.

मासा पाण्यात खातो, पाण्यातच सगळे विधी उरकतो, आणि वर कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर टाकत राहतो. नदीत हे खपून जातं, कारण नदी पुढे जाते. टाकी कुठे जाणार? तिथे तोच अमोनिया साठतो, माशाचे कल्ले भाजतो, आणि बाहेरून पाणी नितळ दिसत असल्यामुळे कुणाला काही कळत नाही. लोक मग हवामानाला दोष देतात, दुकानदाराला देतात, दृष्ट लागली म्हणतात. टाकीवर लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली आहे.

या साऱ्याला अपवाद निघाले आमचे दाजी. बँकेत आयुष्य गेल्यामुळे त्यांचा कागद पाहिल्याशिवाय कशावरच विश्वास बसत नाही. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. दाजींनी माशांवरची पुस्तकं आणली, समास आखून टिपणं काढली, आणि एके दिवशी जेवताना जाहीर केलं की मासे पाळायचे नसतात, पाणी पाळायचं असतं. ताई म्हणाली, "पाणी आहे की घरात. सकाळी साडेसहा ते साडेसात."

पहिली लढाई नातवाशी झाली. त्याला गोल वाडगा हवा होता आणि त्यात एक सोनेरी मासा. कार्टूनपासून क्रोकरीच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे मासा वाडग्यातच दाखवतात, त्यामुळे पोराचा हट्ट समजण्यासारखा होता. दाजींनी त्याला समोर बसवून कर्ज नामंजूर करतानाच्या आवाजात कारणं सांगितली. गोल्डफिश हा तळहाताएवढाही राहणारा मासा नाही, नीट वाढला तर वीतभर होतो. वाडग्याचं तोंड निमुळतं, म्हणजे पाण्याला हवा लागणार ती रुपयाएवढ्या जागेतून. आणि वाडग्यात तीन-चार लिटर पाणी, त्यात केलेली घाण पातळ व्हायलाही जागा नाही. नातू म्हणाला, "पण तो तीन सेकंदांत सगळं विसरतो ना?" हेही खोटं. गोल्डफिशला खाण्याची वेळ लक्षात राहते, खायला देणारा माणूस ओळखता येतो. "आणि इंग्लंडमध्ये," दाजी म्हणाले, "टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली एका पोराने जत्रेत जिंकून आणला, तो १९९९ साली वारला." म्हणजे त्रेचाळीस वर्षं. इतकी नोकरी दाजींचीही झाली नव्हती. नातवाने हिशोब केला आणि तो माशाच्या जबाबदारीतून मुकाट्याने बाजूला झाला.

नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी असं सगळ्यांना वाटतं आणि नेमकं तेच उलटं आहे. टाकी जितकी लहान तितकं पाणी लवकर बिघडतं. चमचाभर खाणं जास्त पडलं तर मोठी टाकी ते पोटात घालते, लहान टाकी बोंबलते. दाजींनी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी ठरवली. साधारण ५५ लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, वर काच आणि तळाची खडी, म्हणजे सगळं मिळून सत्तर-पंचाहत्तर किलो. ही आकडेमोड त्यांनी कागदावर मांडल्यामुळेच घोटाळा झाला. तो कागद जिन्यात सांडला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हाती लागला.

सेक्रेटरी त्याच संध्याकाळी वर आले. स्लॅबवर लोड येतो, गळती झाली तर खालच्या मजल्याचं पीओपी कोण भरून देणार, आणि मुळात कमिटीची एनओसी घेतली आहे का, असे त्यांचे तीन मुद्दे होते. दाजींनी शांतपणे विचारलं, "आपलं वजन किती?" ते नव्वद निघालं. "आणि आपण आता बसलात त्या सोफ्याची एनओसी मीही घेतलेली नाही." सेक्रेटरी चहा अर्धा टाकून गेले.

जागेचा प्रश्न ताईशी होता. टाकी टेकायची तर खालचं टेबल सपाट आणि भक्कम हवं, काचेखाली थर्मोकोलची शीट हवी, नाहीतर खाली खडा जरी आला तरी तेवढ्या एका टोकावर सगळा भार पडून काच तडकते. खिडकीच्या उन्हात ठेवली तर आठ दिवसांत शेवाळ. एवढ्या सगळ्या अटी पुऱ्या करणारी घरात एकच जागा होती, ती म्हणजे शोकेस. तिच्यात ताईच्या लग्नातला काचेचा सेट होता, जो आजवर कोणत्याही पाहुण्याच्या लायकीचा ठरला नव्हता. तो सेट माळ्यावर गेला त्या दिवशी घरात मुगाची खिचडी होती.

मग खरेदी. मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला या कामी कुर्ला ठाऊक असतं. तिथल्या गल्लीत सकाळी उभं राहिलं की हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत मासे वजनकाट्याशिवाय विकले जाताना दिसतात, आणि कोळणीकडून मासे घेण्यात हयात गेलेली बायामाणसंही भाव करायला बिचकतात, कारण ताजा की शिळा हा मुख्य मुद्दाच इथे बाद. पिढीजात मुंबईकराची टाकीची कल्पना तारापोरवाला मत्स्यालयावर घडलेली. मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय १९५१ साली उघडलं, शाळेच्या सहली तिथे जायच्या, आणि तिथे कासवं, मोठाले मासे बघून आलेला प्रत्येक पोरगा 'आपणही आणू' म्हणायचा. त्या मत्स्यालयासमोर अख्खा अरबी समुद्र होता, आपल्यासमोर सोसायटीची टाकी असते, हा बारीकसा फरक कुणी ध्यानात घेत नाही.

दुकानदार हा या व्यवहारातला सर्वांत आशावादी माणूस. त्याच्या मते प्रत्येक मासा 'एवढाच राहतो'. बोटाएवढा, चंदेरी, वरचा पर ताठ उभारलेला मासा दाखवून तो म्हणतो, "शार्क घ्या साहेब, बच्चे लोग खूश." हा शार्क नव्हे. हा पंगस, मूळचा मेकाँग नदीचा, वाढला तर मीटरभराच्याही पुढे जाणारा. हॉटेलात बासा म्हणून मैद्यात घोळवून पुढ्यात येतो तो पुष्कळदा हाच. म्हणजे रविवारी दुपारी ज्याच्यावर लिंबू पिळलं त्यालाच संध्याकाळी 'शार्क, शार्क' करून दाणे टाकायचे. दुसरी शिफारस सकरची: "हा टाकी साफ करतो, बाई लावायला नको." सकर काचेला तोंड लावून शेवाळ खातो हे खरं, पण तो स्वतः फूटभर वाढतो आणि जेवढं साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. घरकामाला माणूस ठेवल्यावर येणारा अनुभवच हा, पण बाईला निदान सुट्टी असते.

दाजींनी दुकानदाराचं सगळं ऐकून घेतलं आणि टाकी, फिल्टर, धुतलेली बारीक खडी, दोन-चार पाणवनस्पती, क्लोरीन मारायचे थेंब आणि तपासणीचा संच एवढंच घेतलं. मासा एकही नाही. दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक बघितलं असावं. त्याने एक फायटर मासा फुकट देऊ केला. दाजी म्हणाले, "महिन्याने येतो."

हा महिना म्हणजे मासे पाळण्यातलं खरं काम, आणि मराठी माणसाला तो झेपत नाही. कारण टाकी भरून, फिल्टर सुरू करून, दिवा लावून रिकामी ठेवायची. त्या काळात पाण्यात काय होतं ते सांगतो. अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू असतात. नायट्राइटही माशाला विषच, पण ते खाऊन नायट्रेट करणारे दुसरे जिवाणू असतात, आणि नायट्रेट माशाला बऱ्यापैकी चालतं, झाडंही ते खातात. विनोग्रॅड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतल्या अशा जिवाणूंचा छडा लावला. ही दोन्ही मंडळी आपणहून येतात, पण सावकाश येतात. फिल्टरच्या स्पंजात, खडीवर, काचेवर बिऱ्हाड थाटायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. ते वसायच्या आधी मासे सोडले की मग घरावरचं संकट वगैरे सुरू होतं.

आता जिवाणू येणार तर त्यांना खायला अमोनिया हवा, आणि मासे नाहीत तर अमोनिया कुठून? यावर पुस्तकांनी सुचवलेला एक जुना उपाय दाजींनी ताईपुढे मांडला: एक कच्ची कोळंबी टाकीत टाकून कुजू द्यायची.

आम्ही मूळचे रत्नागिरीचे. आमच्या घरात कोळंबीविषयी जी भावना आहे ती शब्दांत सांगण्यासारखी नाही. दाजी सातारचे, त्यांना ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलेलं नव्हतं. ताईने कोळंबीची डबी फ्रीजरच्या तळाशी नेऊन तिच्यावर मटारची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "कालवणात घालायची सोडून पाण्यात कुजवायची? उद्या म्हणाल सुरमईने फरशी पुसू." शेवटी तडजोड झाली. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो. तेव्हापासून दाजी रोज सकाळी अंघोळ करून, जिथे एकही मासा नाही अशा टाकीत मोजून दाणे टाकू लागले. दूधवाल्याने हे पाहिलं आणि ताईला हळूच विचारलं, "साहेब रिटायर झाल्यापासून बरे आहेत ना?"

आणि मग तो प्रश्न. येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता विचारायचा, "अरे वा, टाकी! मासे कुठायत?" सुरुवातीला दाजी नायट्रीकरणाची प्रक्रिया समजावून सांगत. पाहुणा चहा येईपर्यंत ऐके आणि जाताना ताईला म्हणे, "मेले का हो?" गॅस सिलिंडरवाला काचेला नाक लावून झाडामागे शोधून गेला. कुरिअरवाल्याने एक मासा दिसल्याचंही सांगितलं, तो फिल्टरचा बुडबुडा होता. दाजींच्या मामेबहिणीने पुढच्या खेपेला स्वतःच पिशवीतून चार मासे आणले, "रिकामी टाकी घरात बरी नव्हे." रिकामा पाळणा, रिकामा झोपाळा हलवू नये वगैरे आपल्याकडे बरंच आहे, त्यात रिकाम्या टाकीची भर पडली. दाजींनी ते चार मासे त्याच पिशवीत, त्याच रिक्षाने परत पाठवले. मामेबहीण अजून बोलत नाही.

दर दोन दिवसांनी तपासणी. परीक्षानळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवं होत जातं. दाजी नळी पांढऱ्या कागदापुढे धरून, चष्मा कपाळावर सरकवून, रंगांच्या पट्टीशी ती ताडून बघत. शेवटी मत घ्यायला ताईला बोलावत, कारण साड्यांच्या दुकानात पिस्ता आणि पोपटी यांतला फरक कोण करतं हे त्यांना माहीत होतं. ताई हात पुसत येई, एक नजर टाकी, "पोपटी" म्हणून निघून जाई आणि ते कायम बरोबर असे. आकडे वहीत चढत. रकाने आखलेले, लाल शाईत बेरीज. ज्या माणसाने जन्मभर बॅलन्स वाढावा म्हणून धडपड केली तो आता दोन रकान्यांत शून्य यावं म्हणून देवाला हात जोडत होता.

हे लवकर व्हावं असं वाटत असेल तर एक आडवाट आहे. ज्याची टाकी जुनी, तब्येतीत चालली आहे अशा माणसाकडून त्याच्या फिल्टरच्या स्पंजाचा मळका तुकडा मागून आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. विरजण लावतात तसंच हे. शेजारणीकडे वाटीभर दही मागायला लाज वाटत नाही, पण दुसऱ्याच्या घरी जाऊन 'तुमच्या फिल्टरची घाण देता का थोडी' म्हणायला धीर लागतो. दाजी डोंबिवलीच्या एका ओळखीच्यांकडून डबीत घालून तुकडा घेऊन आले, लोकलमध्ये डबी मांडीवर धरून. शेजारच्याने काय आहे विचारलं, तर म्हणाले, "जिवाणू." गर्दीच्या वेळी, ठाण्यापर्यंत, त्यांना ऐसपैस जागा मिळाली.

नळाच्या पाण्याचं वेगळंच. आपल्याला कॉलरा होऊ नये म्हणून महापालिका पाण्यात क्लोरीन घालते, तो माशाच्या कल्ल्यांना झोंबतो आणि आपण महिनाभर पाहुण्यांच्या शिव्या खाऊन जमवलेले जिवाणूही मारतो. उपाय सोपा आहे. क्लोरीन मारायचे ते थेंब म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटोग्राफरांच्या काळोख्या खोलीत जो हायपो असायचा तोच. बादलीत थेंब टाकायचे, ढवळायचं, मग पाणी टाकीत. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तरी साधा क्लोरीन उडून जातो, फक्त मग त्या बादलीत कुणीतरी कपडे भिजवतं.

यथावकाश अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं असा दिवस उजाडला. दाजींनी वहीत सही केली. आता मासे. इथेही घाई नाही, एकदम दहा-वीस नाहीत. आधी थोडे, जिवाणूंना नव्या खर्चाची सवय झाली की मग आणखी. पिशवी आधी टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान जुळतं, मग जाळीने मासे उचलून टाकीत. दुकानाचं पाणी आपल्या टाकीत घालायचं नाही, त्यात दुकानातले रोगही फुकट येतात.

कोणते मासे? दाजींनी झेब्रा डॅनिओ घेतले. निळ्या रेघांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, स्वस्त, काटक आणि क्षणभर स्वस्थ न बसणारा मासा. दुकानात त्यावर 'इम्पोर्टेड' अशी चिठ्ठी होती. हा मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याचं वर्णन छापलं, पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला नोकरीला ठेवलं, आणि आता तो परदेशी म्हणून आपल्याला विकतात. आपल्याकडच्या किती तरी गोष्टींचं असंच होतं, पण तो विषय वेगळा. फायटर मात्र दाजींनी घेतला नाही. थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, आपल्याकडे तो प्लास्टिकच्या ग्लासात विकतात. त्याला वरची हवा थेट घेता येते म्हणून तो ग्लासात मरत नाही, एवढ्यावरून लोकांनी त्याला ग्लास पुरतो असं ठरवलं. सेकंड क्लासमध्ये माणूस उभ्याने कर्जतपर्यंत जातो म्हणून त्याला घराची गरज नाही, असं कुणी म्हणत नाही. निदान अजून तरी.

सोबत गप्पी आले. गप्पी हा महाराष्ट्रातला एकमेव मासा असेल ज्याला सरकारी खात्यात स्थान आहे. गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पी मासे पैदास केंद्राचा हौद असतो, भिंतींवर 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' अशा अर्थाची पाटी असते, कारण हा मासा डासांच्या अळ्या मटामट खातो. शोभेच्या दुकानात त्याच्याच नातलगांना मोरपिशी शेपटी असते. नर दिखाऊ, माद्या साध्या. अंडी घालत नाहीत, महिन्याच्या अंतराने थेट पिल्लंच, आणि एकदा नराशी गाठ पडली की मादी पुढचे कित्येक महिने त्याच शिदोरीवर पिल्लं देऊ शकते. दाजींच्या वहीत हा रकानाच नव्हता.

मासे आल्यावर घरातलं राजकारण खाण्याभोवती फिरू लागलं. माशाला दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं पुरतं. जे खाली पडतं ते कुजतं. पण दाजींच्या आईंना हे पटेना. मासे काचेपाशी आले, तोंड उघडमीट करू लागले की त्या म्हणत, "मुकं जनावर तोंडाने मागतंय, आणि तू वही काढून बसलायस." मासा श्वास घेतानाही तोंडाची उघडमीट करतो हे त्यांना कोण सांगणार? त्या दाजींच्या नकळत दाणे टाकत, नातू शाळेतून आल्यावर टाकायचा, कामाच्या मावशी जाता जाता टाकत. दाजींना पत्ता लागला तो वहीतल्या अमोनियावरून. त्यांनी कुणालाच दोष न देता जाहीर केलं की माशांना आठवड्यातून एक दिवस उपास चांगला असतो, शास्त्रात आहे. शास्त्रात खरोखरच आहे, निरोगी मोठ्या माशाचं एक दिवस काही बिघडत नाही. पण 'उपास' म्हटल्यावर आई विरघळल्या. आता त्या दर सोमवारी डबीला हात लावत नाहीत आणि लावू देत नाहीत; श्रावणात त्यांनी शनिवारही सुचवला होता.

स्वच्छता हे मराठी टाकीच्या मृत्यूचं दुसरं कारण. दिवाळी आली की पंखे, जाळ्या, डबे यांच्या ओघात टाकीचीही पाळी येते. मासे टबात, पाणी ओतून दिलं, खडी गरम पाण्याने धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र केला, काच भांड्यांच्या साबणाने लख्ख. सगळं चकचकीत, आणि पाडव्यापर्यंत मासे गेलेले. ज्याला आपण घाण म्हणून धुवून टाकलं ती सगळी कर्मचारी मंडळी होती. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. पाणी बदलायचं आठवड्याला एक चतुर्थांशाच्या आत-बाहेर, नळीने तळाची घाण ओढून. ही नळी तोंडाने ओढून सुरू करायची जुनी पद्धत आहे. तिची चव ज्याने एकदा घेतली तो हातपंप विकत आणतो.

बाकी बारीकसारीक असतंच. ठाण्या-मुंबईच्या उकाड्यात हीटर लागत नाही; निफाडला थंडीत लागतो, तिथे माणसंही शेकोटीशी बसलेली असतात. वीज गेली तर थोडा वेळ काही होत नाही, पण तासन्‌तास गेली तर फिल्टरमधले जिवाणूही हवेवाचून गुदमरतात, तेव्हा बॅटरीवरचा छोटा पंप जवळ असावा. गावाला चार-आठ दिवस जायचं तर मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांच्या ममतेपेक्षा उपास बरा. दाजी किल्ली देताना डबी कपाटात घालून कपाटाची किल्ली बरोबर नेतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कंटाळा आला, मासा मोठा झाला, की लोक तो नदीत, तलावात सोडून येतात, वर पुण्य लागलं म्हणतात. दुकानातला तो 'साफसफाईवाला' सकर असाच उजनी धरणाच्या पाण्यात पोचला. दक्षिण अमेरिकेतला मासा भीमेत. अंगावर हाडांच्या चकत्यांचं चिलखत, काटेरी पर, जाळ्यात अडकला की जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. इंदापूर-करमाळ्याच्या मच्छीमाराने ते पुण्य फेडायचं. दाजी या विषयावर आवाज चढवतात, एरवी चढवत नाहीत. नको असलेला मासा दुकानात परत द्या, ओळखीत द्या, पण नदीत नाही.

ओळखीत द्यायची वेळ त्यांच्यावरही आलीच. पावसाळ्यापर्यंत गप्पींची संख्या टाकीला जड होऊ लागली. मजल्यावरच्या सगळ्यांना देऊन झाले, कुरिअरवाला दोन घेऊन गेला. आणि अशात महापालिकेचे डासांवरचे कर्मचारी सोसायटीत आले. बिल्डरने गेटपाशी एक कारंजं बांधून ठेवलं आहे. ते कधी उडालेलं कुणी पाहिलेलं नाही, पण त्याच्या कुंडात पाणी बारमाही असतं. तिथे अळ्या सापडल्या. नोटीस सेक्रेटरींच्या नावाने निघाली.

सेक्रेटरी वर आले, त्याच सोफ्यावर जरा टोकाला बसले. "आपल्याकडे पिल्लं झालीत असं कानावर आलं."

"झालीत," दाजी म्हणाले. "कुंडाचं पाणी आणलंय?"

ते आणलेलं नव्हतं. सेक्रेटरी खाली जाऊन बाटली भरून आले. दाजींनी नळी काढली, थेंब मोजले, झाकण लावून हलवलं. "पाच मिनिटं बसा." ताईने चहा दिला. या वेळी सेक्रेटरींनी तो पूर्ण प्यायला. मग ताईला बोलावण्यात आलं, तिने एक नजर टाकली आणि "पिवळं, किंचित पोपटीकडे" असा निर्वाळा दिला. दाजींनी तो वहीत चढवला, पान पालटलं, चष्मा खाली घेतला.

"बावीस नर देतो," ते म्हणाले. "माद्या हव्या असतील तर मात्र जनरल बॉडीचा ठराव लागेल."